फेसबुक सोडलं, तर पंचगंगेची पातळी कुठं बघायची?

जुलै लागला की कोल्हापुरात जो तो एकच विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं? ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या घरांत तर पावसाळ्यात एक डोळा फोनवर ठेवूनच जेवणं होतात. त्यामुळं ‘मी फेसबुक बंद केलंय’ असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मग पुराचं कसं कळतं गं तुला? प्रायव्हसीबिव्हसीचं कुणी विचारतच नाही.

प्रश्न रास्त आहे. सोशल मीडिया सोडा म्हणून मिळणारे सल्ले नेमके इथंच फसतात. ते म्हणतात, अ‍ॅप काढून टाका. काढलं की चार दिवसांत परत येतं, कारण त्या अ‍ॅपमधून जी कामं होत होती ती दुसरीकडं कुठं लावलेलीच नसतात. मी स्वतः दोनदा काढलं आणि दोनदा परत टाकलं. तिसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी कामांची सोय लावली, मग वेबसाइटींची पाळत तोडली आणि खातं सगळ्यात शेवटी बंद केलं. तेव्हा कुठं जमलं. खाली तोच क्रम ठेवलाय.

माझं मंगळवार पेठेत डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी इंजिनिअर नाही. इथं लिहिलंय ते माझ्या, आईच्या आणि दुकानातल्या फोनवर करून बघितलेलं आहे. फोनच्या कंपनीप्रमाणं सेटिंगची नावं थोडी इकडंतिकडं होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये वर भिंगाचं चिन्ह असतं, तिथं शब्द टाइप करा.

आधी सौदा समजून घ्या

मार्केट यार्डात गुळाचे सौदे ज्यांनी बघितलेत त्यांना हे समजायला दोन मिनिटं पुरतील. रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, थप्पी लागलेली असते, अडत्या असतो, भोवती व्यापारी. गुळाचा रंग बघतात, कण बघतात, चिमूटभर तोंडात टाकतात आणि बोली लागते. ज्याची जास्त, त्याला माल.

जाहिरातीवर चालणाऱ्या वेबसाइटवर तुम्ही बोट ठेवता आणि पान उघडतं, त्या मधल्या वेळात असाच सौदा होतो. सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. इथं रवा म्हणजे तुम्ही. ‘अमुक मॉडेलचा फोन, कोल्हापूर परिसर, गुडघेदुखीवरचा लेख उघडतोय, जाहिरातीचा ओळख क्रमांक तमुक’ एवढी चिठ्ठी एकाच वेळी बऱ्याच खरेदीदारांकडं जाते. ते बोली लावतात, जिंकणाऱ्याची जाहिरात पानावर येते.

यार्डातल्या सौद्यात आणि यात एक मोठा फरक आहे. यार्डात बोली हरलेला व्यापारी हात झटकून पुढच्या दुकानात जातो. इथं चिठ्ठी सगळ्यांच्याच हाती पडलेली असते. हरलेल्यानंही चव घेतलेली असते आणि त्यातले काहीजण ती जपून ठेवतात. अशा चिठ्ठ्या महिनोन्‌महिने साठल्या की त्यातून माणूस उभा राहतो. चिठ्ठीत नाव नसतं हे खरं, पण रात्रभर मंगळवार पेठेत आणि दिवसा उद्यमनगरातल्या एकाच शेडमध्ये असणारे फोन असे असून असणार किती?

फेसबुक-इन्स्टाग्रामचा धंदा जरा वेगळा. ते तुमची माहिती पिशवीत भरून विकत नाहीत. ती स्वतःकडंच ठेवतात आणि तुमच्यापर्यंत पोचायची वाट विकतात. २०२३ मध्ये या दोघांची मालक कंपनी मेटा हिची कमाई सुमारे १३,४९० कोटी डॉलर झाली, त्यातले जवळपास १३,१९५ कोटी जाहिरातींचे. शंभरातले ९८ रुपये जिथून येतात, त्या गिऱ्हाइकाचं ऐकणारच ना कुणीही. आणि ते गिऱ्हाईक आपण नव्हे.

हळदीच्या भावाच्या बातमीशेजारी हळद पॉलिश करायच्या मशीनची जाहिरात आली तर माझी काही हरकत नाही. छापील पेपर इतकी वर्षं तसेच चाललेत. बातमी कुठली हे बघून जाहिरात लावणं वेगळं आणि वाचणारी कोण, काल दवाखान्याचं काय शोधत होती, हे बघून लावणं वेगळं. खाली जे काही सांगतेय ते या दुसऱ्या प्रकारासाठी.

पायरी १: आठ दिवस वही

काहीही बंद करू नका. एक शंभर पानी वही घ्या आणि आठ दिवस जेव्हा जेव्हा फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब उघडाल तेव्हा कशासाठी उघडलं ते एका ओळीत लिहा. माझ्या वहीतलं पहिलं पान असं होतं:

सकाळी ७.१० – उद्या पाणी येणार का.
७.१२ – काही नाही.
९.४० – भाचीच्या बारशाचे फोटो.
११ – गिऱ्हाईक नव्हतं म्हणून.
१.३० – शाहू स्टेडियमवरची मॅच किती वाजता, भाऊ विचारत होता.
१.३१ ते २.०५ – माहीत नाही.

आठ दिवसांनी ‘काही नाही’ आणि ‘माहीत नाही’वर काट मारली. उरलेल्या ओळींतली खरी कामं सातच निघाली. त्यांच्यासमोर एक रकाना आखला: हे दुसरीकडं कुठं मिळेल? ही पायरी कंटाळवाणी आहे, लोक हीच गाळतात आणि मग पाचव्या दिवशी अ‍ॅप परत टाकतात.

पायरी २: सोय लावा

पुरापासून सुरुवात करू. १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा टोल फ्री नंबर आहे, तो आत्ता फोनमध्ये सेव्ह करा. जिल्हा प्रशासनाच्या आणि महापालिकेच्या वेबसाइटी ब्राउझरमध्ये उघडा, तीन टिंबांवर जाऊन ‘अ‍ॅड टू होम स्क्रीन’ करा. अ‍ॅपसारखंच चिन्ह येतं, खातं लागत नाही. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या आणि सकाळचा पेपर आहेच. खरं सांगायचं तर फेसबुकवर फिरणारी पातळी पुष्कळदा आदल्या दिवशीची असते. एकदा तर दोन वर्षांपूर्वीच्या महापुराचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून आमच्या गल्लीत फिरला आणि शेजारच्या काकूंनी तांदळाची पोती माळ्यावर चढवली.

बातम्या आणि लेखांसाठी आरएसएस वापरा. नावावरून गैरसमज नको, शाखेचा इथं काही संबंध नाही. हा रिअली सिंपल सिंडिकेशन, १९९९ पासून चालत आलेला. वेबसाइट नवीन लेखांची यादी एका ठरलेल्या साच्यात ठेवते, आपलं वाचक-अ‍ॅप ती यादी आणतं, आणि लेख ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं दिसतात. मधे कुणी ‘तुम्हाला हे आवडेल’ म्हणून घुसत नाही. गुगलचं असं वाचक-अ‍ॅप २०१३ मध्ये बंद झालं तेव्हा आरएसएस संपलं असं पुष्कळांना वाटलं, पण ते चालूच आहे.

अँड्रॉइडवर ‘फीडर’ नावाचं अ‍ॅप घ्या. फुकट आहे, खातं मागत नाही, जाहिराती नाहीत. आयफोनवर ‘नेटन्यूजवायर’. त्यात ‘अ‍ॅड फीड’वर जाऊन तुमच्या आवडत्या साइटचा पत्ता टाका, फीड असेल तर अ‍ॅप स्वतःच शोधून देतं. यूट्यूब चॅनेलच्या पानाचा पत्ताही बहुतेक वेळा चालतो, म्हणजे लॉगिन न करता चॅनेलचे नवे व्हिडिओ कळतात. दहाच्या वर फीड घेऊ नका. मी हावरटासारखी साठ घेतली होती, आठवड्यात न वाचलेल्यांचा आकडा हजारावर गेला आणि ते अ‍ॅप उघडायचीच भीती वाटायला लागली.

संदर्भासाठी मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, त्यावर जाहिराती नाहीत. मराठी विश्वकोशही ऑनलाइन फुकट वाचता येतो. आणि निवांत वाचायचं असेल तर करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उघडं आहे. तिथं पुस्तक उघडलं म्हणून सौदा लागत नाही.

वाढदिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवून काढले. भाचीच्या फोटोंचं पुढं सांगते. मॅचची वेळ भाऊ कट्ट्यावर विचारून येतो, तसाही तो तिथंच असतो.

पायरी ३: ब्राउझर बदला

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. वीस मिनिटांचं काम आहे.

अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा जादा प्रोग्रॅम, बसत नाही, फायरफॉक्समध्ये बसतं. प्ले स्टोअरवरून फायरफॉक्स घ्या. उघडून तीन टिंबांवर जा, ‘एक्स्टेन्शन्स’ निवडा, यादीत जाहिराती आणि पाळत अडवणारं ‘यूब्लॉक ओरिजिन’ दिसेल, त्याच्या समोरच्या अधिक चिन्हावर दाबा आणि परवानगी द्या. नावात ‘ओरिजिन’ आहे ना, बघून घ्या. मिळत्याजुळत्या नावाची दुसरी एक्स्टेन्शनही आहेत. मूळ रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं आहे आणि ते त्यासाठी देणग्याही घेत नाहीत. मग फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ म्हणून फायरफॉक्स ठरवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपमधली लिंक दाबली की परत क्रोमच उघडेल.

कॉम्प्युटरवरही फायरफॉक्स आणि हेच एक्स्टेन्शन. क्रोम सोडायचंच नसेल तर तिथं ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ मिळतं. गुगलनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून जुनं पूर्ण ताकदीचं क्रोमवर चालत नाही. ज्यांना काहीच बसवायचं नाही त्यांनी ब्रेव्ह ब्राउझर घ्यावा, त्यात बराचसा बंदोबस्त आधीच केलेला असतो. आयफोनवाल्यांनी सफारीतच ‘प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग’ चालू आहे का बघावं आणि एखादा कंटेंट ब्लॉकर बसवावा. अ‍ॅडगार्डचा चांगला आहे.

आता गंमत बघा. एक्स्टेन्शनच्या चिन्हावर दाबलं की किती गोष्टी अडवल्या त्याचा आकडा दिसतो. एका पाककृतीच्या साइटवर मी आमटीची कृती उघडून ठेवली आणि चहा गाळायला उठले. परत येईपर्यंत आकडा शंभराच्या पुढं. पानावर मी काही केलं नव्हतं, नुसतं उघडं होतं. आमटीत घालायचे जिन्नस होते अकरा.

कधीकधी एखादं पान मोडतं. फॉर्म पुढं सरकत नाही, पेमेंटचं बटण मुकं होतं. तेव्हा तेच चिन्ह उघडून मोठ्या पॉवर बटणावर दाबा, त्या एका साइटपुरतं बंद होतं. बँकेच्या साइटवर मला एक-दोनदा करावं लागलं. ‘कुकी स्वीकारा’ची पट्टी आली की ‘रिजेक्ट ऑल’ शोधा. ते मुद्दाम फिकट अक्षरात ठेवतात.

गुप्त खिडकीवर, म्हणजे इन्कॉग्निटोवर, विसंबू नका. तुमच्या फोनमध्ये इतिहास उरत नाही एवढाच तिचा उपयोग. घरच्यांपासून लपवायला ठीक, वेबसाइटला तुम्ही दिसताच.

जाहिराती अडवल्या तर साइटवाल्यांनी खायचं काय? दुकान चालवणाऱ्या बाईला हा प्रश्न पडतोच. मी दोन गोष्टी करते. जो पेपर रोज वाचते तो विकत घेते. आणि ज्या एक-दोन मराठी साइटी पाळत न ठेवता साधी जाहिरात लावतात, त्यांच्यावर ब्लॉकर बंद ठेवते. बाकीच्यांनी माझ्याकडून जे उचललं त्याची पावती कधी दिली नाही, तर मीही विचारत बसत नाही.

शोधासाठी सेटिंग्ज–सर्चमध्ये जाऊन डकडकगो ठेवता येतं. तिथं जाहिरात तुम्ही शोधलेल्या शब्दावरून लागते, तुमच्या इतिहासावरून नाही. मराठीतलं शोधताना आणि शाहूपुरीत पंप दुरुस्तीवाला शोधताना ते कमी पडतं, तेव्हा मी गुगलवर जाते. त्यात कमीपणा नाही.

पायरी ४: फोनचा ओळख क्रमांक आणि परवानग्या

प्रत्येक अँड्रॉइड फोनला जाहिरातीसाठी एक क्रमांक दिलेला असतो. वेगवेगळी अ‍ॅप हाच क्रमांक बघून ‘ती हीच’ म्हणून ओळखतात. सेटिंग्ज–गुगल–अ‍ॅड्समध्ये ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ आहे, दाबा. काही बिघडत नाही. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटी–ट्रॅकिंगमध्ये ‘अलाऊ अ‍ॅप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक’ बंद करा. २०२१ पासून आयफोनवर अ‍ॅपला हे विचारावंच लागतं.

मग परवानग्या. सेटिंग्ज–प्रायव्हसी–परमिशन मॅनेजरमध्ये लोकेशन, कॉन्टॅक्ट, मायक्रोफोन असे गट दिसतात. लोकेशन ‘फक्त वापरताना’ ठेवा आणि हवामानाच्या अ‍ॅपला ‘प्रिसाइज’ बंद करा. पाऊस कळंब्यात पडतोय की आर. के. नगरात, एवढं त्याला कळायची गरज नाही. कॉन्टॅक्ट मागणाऱ्या अ‍ॅपकडं संशयानंच बघा. कर्ज देणारं अ‍ॅप कॉन्टॅक्ट मागत असेल तर तिथंच थांबा. डिजिटल कर्जाच्या २०२२ च्या सूचनांत रिझर्व्ह बँकेनं अशा अ‍ॅपना कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग यांना हात लावायला मनाई केलेली आहे.

अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाचं सेटिंग आहे. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. या डिरेक्टरीत जाहिरातवाल्यांचे नंबर खोडून ठेवले की अ‍ॅपच्या आतल्यासुद्धा बऱ्याच जाहिराती गळतात. सेटिंग्ज–नेटवर्कमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा, ‘प्रोव्हायडर होस्टनेम’ निवडा आणि इंग्रजी अक्षरांत टाका: डीएनएस, टिंब, अ‍ॅडगार्ड, आडवी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम. मधे जागा सोडू नका. सेव्ह.

याच्या दोन भानगडी. स्टेशनवर किंवा हॉटेलात वायफायला लॉगिनचं पान येतं, तिथं हे आडवं येऊ शकतं, तेवढ्यापुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा. दुसरं म्हणजे तुम्ही कुठल्या साइटचा पत्ता विचारता हे आता मोबाइल कंपनीऐवजी या डीएनएसवाल्यांना दिसतं. विश्वास कुठंतरी ठेवावाच लागतो. कुठं ठेवला ते माहीत असावं.

पायरी ५: गुगल

इथं फार वेळ घालवू नका. गुगल खात्यात ‘डेटा अँड प्रायव्हसी’मध्ये जा. ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ बंद करा किंवा ऑटो-डिलीट तीन महिन्यांवर ठेवा. ‘टाइमलाइन’ बंद करा. ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये पर्सनलाइज्ड अ‍ॅड्स बंद करा.

‘यूट्यूब हिस्टरी’ मात्र आवर्जून बंद करा आणि जुनी पुसून टाका. यूट्यूब उघडल्यावर पहिलं पान रिकामं येतं. काहीच नाही, नुसतं शोधायची पट्टी. जे शोधायला आलात ते शोधायचं आणि निघायचं. माझे ‘माहीत नाही’वाले चौतीस मिनिटं याच एका बटणानं परत मिळाले.

पायरी ६: आता खातं

अ‍ॅप काढलं म्हणजे खातं बंद झालं असं दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना वाटतं. तसं नसतं. ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ केलं तरी खातं झोपलेलं असतं, मेसेंजर जागाच राहू शकतो. ‘डिलीट’च करायचं, पण या क्रमानं.

आधी आपला माल बाहेर काढा. फेसबुकच्या सेटिंगमधून अकाउंट्स सेंटर उघडा, ‘युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’मध्ये माहिती डाउनलोड करायची सोय आहे. फोटो निवडा, विनंती टाका, तयार झालं की कळवतात. फाइल कॉम्प्युटरवर आणि पेनड्राइव्हवर अशी दोन जागी ठेवा. मी घाईत ही पायरी गाळणार होते. वडिलांचा पंचाहत्तरीचा फोटो फक्त तिथंच होता.

त्याच ठिकाणी ‘युअर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’ आहे. तुम्ही फेसबुकच्या बाहेर, दुसऱ्याच वेबसाइटवर आणि अ‍ॅपवर काय केलं याची त्या कंपन्यांनी फेसबुकला कळवलेली यादी. ती पुसायच्या आधी एकदा निवांत वाचा. माझ्यात एक औषधांचं दुकान होतं, एक गॅसचं बुकिंग आणि एक लग्न जमवणारी साइट, जी मी भावासाठी एकदाच उघडली होती. वाचून झालं की ‘क्लिअर’ करा आणि पुढचं जोडणंही बंद करा.

मग ‘फेसबुकनं लॉगिन’ करून कुठं कुठं शिरलाय ते बघा. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स अँड वेबसाइट्स’ आहे. त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन ईमेल-पासवर्ड लावून घ्या, नाहीतर खात्याबरोबर तीही दारं बंद होतील.

एक पोस्ट टाका: अमुक तारखेनंतर इथं नाही, फोन करा. ती आठवडाभर राहू द्या. माझ्या पोस्टवर ‘काय झालं? बरी आहेस ना?’ अशा सतरा कॉमेंट आल्या, फोन दोघींचेच आले. त्या दोघींशी मी आता महिन्यातून एकदा बोलते.

शेवटी अकाउंट्स सेंटर–पर्सनल डिटेल्स–अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल–डीअ‍ॅक्टिव्हेशन ऑर डिलीशन. इन्स्टाग्रामचंही इथूनच. डिलीट दाबल्यापासून ३० दिवस खातं परत मिळू शकतं. या काळात चुकूनही लॉगिन करू नका, केलंत तर ‘डिलीट रद्द करायचं का’ म्हणून विचारणार आणि बोट तिकडंच जाणार. सगळी माहिती पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात असं कंपनीच सांगते.

धंद्यामुळं पान ठेवावंच लागत असेल तर फोनमधलं अ‍ॅप काढा आणि फक्त दुकानाच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून उघडा. अ‍ॅपच्या आत लिंक उघडली की ती त्यांच्याच ब्राउझरमध्ये उघडते, तिथं आपलं यूब्लॉक लागू होत नाही.

पायरी ७: व्हॉट्सअ‍ॅप, आणि माझीच एक चूक

व्हॉट्सअ‍ॅप सोडा म्हणून मी कुणाला सांगत नाही. पाण्याचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, तालमीचा ग्रुप, गणपतीची वर्गणी, सगळं तिथंच. मजकूर २०१६ पासून दोन टोकांच्या मध्ये कुलूपबंद जातो हेही खरं. पण कोण कुणाशी, कधी, किती वेळा, हे पाकिटावरच्या पत्त्यासारखं उघडं राहतं. व्हॉट्सअ‍ॅपही मेटाचंच. त्याच्या २०२१ मधल्या धोरणबदलामुळं भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला, तो या माहितीच्या वाटपावरूनच. प्रकरण पुढं अपिलात गेलं.

सेटिंग्ज–प्रायव्हसी–ग्रुप्समध्ये ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा म्हणजे कुणीही उचलून ग्रुपात टाकणार नाही. मीडिया ऑटो-डाउनलोड बंद. चॅट बॅकअपमध्ये ‘एंड टू एंड एन्क्रिप्टेड’ चालू करा आणि पासवर्ड त्या शंभर पानी वहीत लिहा, कारण तो हरवला तर बॅकअप गेलाच.

घरच्या माणसांसाठी सिग्नल, व्हॉट्सअ‍ॅपसारखाच मेसेजचा पर्याय. तो ना-नफा संस्थेचा आहे आणि देणग्यांवर चालतो. व्हॉट्सअ‍ॅप ज्यांनी सुरू केलं त्यातले एक, ब्रायन अ‍ॅक्टन, बाहेर पडल्यावर ती संस्था उभारणाऱ्यांपैकी एक झाले. सगळ्या नातेवाइकांना ओढायच्या भानगडीत पडू नका. आमचा सिग्नलवर पाचजणांचा ग्रुप आहे, भाचीचे फोटो तिथं येतात. पाच पुरतात.

आता चूक. दुकानात लोक प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवतात: आधार, पॅन, रेशन कार्ड, दवाखान्याचे रिपोर्ट. एक दिवस जागा संपली म्हणून दुकानाच्या फोनची गॅलरी उघडली, तर आत हजारो अनोळखी आधार कार्डं. त्यांची प्रत आपोआप गुगल फोटोजमध्येही चढलेली. मी इकडं फेसबुकला नावं ठेवत होते आणि अर्ध्या पेठेचे कागद माझ्या खात्यात पडून होते. ती दुपार पुसण्यात गेली.

तेव्हापासून दुकानाच्या नंबरवर मेसेज आपोआप पुसणारा ‘डिफॉल्ट मेसेज टायमर’ २४ तासांवर आहे, फोटो गॅलरीत उतरत नाहीत आणि फोटोजचा बॅकअप बंद आहे. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून जाल तेव्हा प्रिंट निघाली की समोरच डिलीट करायला सांगा, दुकानदाराला राग येत नाही. चालत असेल तिथं मास्क्ड आधार द्या. आधारच्या अधिकृत वेबसाइटवरून डाउनलोड करताना तसा पर्याय असतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

घरच्यांनाही हे करायला सांगा म्हणते, त्याचं कारण एका आकड्यात आहे. राजकीय प्रचारासाठी फेसबुकवरची माहिती उचलल्याच्या २०१८ च्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात फेसबुकनंच सांगितलं होतं की भारतात माहिती गोळा करणारं ते अ‍ॅप ३३५ जणांनी घेतलं. माहिती गेली असण्याची शक्यता असलेले लोक मात्र ५ लाख ६२ हजारांवर. बाकीचे सगळे त्या ३३५ जणांचे ‘फ्रेंड’ म्हणून ओढले गेले.

काउंटरवर ‘नंबर सांगा’ म्हटलं की आपण सांगून मोकळे होतो. नाही म्हणता येतं. ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये दुकानांना बजावलंय की बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितलं, डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये आला. पण काउंटरवर कायदा वाचून दाखवायची गरज पडत नाही. ‘नंबर नाही देत’ म्हटलं की मुलगी शून्य शून्य टाकून बिल काढते.

आईचा फोन

आईच्या फोनवर हे सगळं करायला एक रविवार लागला. दुसऱ्या दिवशी तिची तक्रार: भजनाच्या मध्ये तेलाची जाहिरात अजून येतीय. बरोबर होतं. यूट्यूबच्या अ‍ॅपमधली जाहिरात व्हिडिओच्याच घरातून येते, डिरेक्टरीत नंबर खोडून ती थांबत नाही. मग अ‍ॅप बंद केलं, फायरफॉक्समध्ये यूट्यूब उघडून होम स्क्रीनवर ठेवलं, आणि यूब्लॉकमुळं ती जाहिरात बहुतेक वेळा गळायला लागली. नाव काही तिच्या लक्षात राहत नाही, पण चिन्हावरचं शेपूट राहिलं. आता संध्याकाळी दिवा लावला की स्वयंपाकघरातून हाक येते, “कोल्ह्यात लाव की गं ते भजन, मी आलो हात पुसून.”